देवाशी भांडण, पण अबोला नाही

देवावरचा भरवसा सुखाच्या दिवसांत कोणी मोजत नाही. पाऊस वेळेवर आला, दुखण्यातून माणूस उठला, मुलीचे लग्न जमले की देवाचे नाव आपसूक ओठांवर येते. कसोटी लागते ती सारे उलटे पडल्यावर. अशा वेळी भाविकाला देव आहे की नाही यापेक्षा दुसराच प्रश्न अधिक छळतो: देव आहे, तर मग तो माझ्याशी असा का वागला? हा प्रश्न घेऊन जगलेल्या माणसांची मोठी परंपरा महाराष्ट्रात आणि त्यातही विदर्भात आहे. कसोटीत सापडलेला भरवसा टिकतो कसा, बदलतो कसा आणि कधी तुटतो, हे त्या परंपरेत स्पष्ट दिसते.

यवतमाळ शहराला दारव्हा रस्त्यावर लागून असलेल्या लोहाऱ्यासारख्या गावात हा प्रश्न पोथीपुरता राहत नाही. एका अंगाला औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या अंगाला जिल्ह्याची ओळख असलेली कापूस, तूर, सोयाबीनची शेती. ती बहुतांशी कोरडवाहू. मृगाच्या पावसावर भरवसून बियाणे मातीत जाते, मग पाऊस दडी मारतो, अंकुर करपतात आणि दुबार पेरणीची पाळी येते. कृषी केंद्राची उधारी तशीच असते, पीककर्जाची मुदत थांबत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने हाताशी आलेली बोंडे आतून पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पेरणीआधी पूजा करणाऱ्या, एकादशी धरणाऱ्या, हरिनाम सप्ताहाला धान्य देणाऱ्या घरांवरही असे घाव बसतात. देवाचे सारे केले आणि तरी असे झाले, हे दुःख निव्वळ नुकसानीपेक्षा खोल असते.

तीन कसोट्या, तीन उत्तरे

श्रद्धेची कसोटी साधारण तीन वाटांनी येते. पहिली वाट हानीची: जवळचे माणूस जाते, पीक बुडते, दुखणे जडते. दुसरी अन्यायाची: देवाच्या नावानेच माणसाला दूर ठेवले जाते, लुबाडले जाते. तिसरी मौनाची: बाहेर काहीच घडत नाही, पण वर्षानुवर्षे केलेली प्रार्थना कोणी ऐकते आहे असे वाटेनासे होते.

या तिन्हींवर परंपरेने काही ठरावीक उत्तरे दिली आहेत. हे प्रारब्ध आहे, मागच्या जन्मीचे भोग आहेत, हे पहिले. देव परीक्षा पाहतो आहे, हे दुसरे. त्याची लीला माणसाच्या बुद्धीला कळायची नाही, हे तिसरे. तिन्ही उत्तरांनी असंख्य माणसांना तगवले आहे, हे नाकारता येत नाही. पण प्रत्येकाला मर्यादाही आहे. प्रारब्धाचे उत्तर दुःखी माणसालाच गुन्हेगार ठरवते. लीलेचे उत्तर प्रश्नच मिटवून टाकते. परीक्षेचे उत्तर ऐकायला गोड असले, तरी त्यात परीक्षा संपल्यावर बक्षीस मिळण्याची आशा दडलेली असते.

ती आशा कीर्तनातल्या आख्यानांनी पक्की केली आहे. उत्तररंगात हरिश्चंद्र येतो, प्रल्हाद येतो, अतिथीसाठी पोटचा चिलया बाळ देणारे श्रियाळ आणि चांगुणा येतात. चांगुणेने बाळाला मारलेल्या हाकेपाशी मांडवातल्या बायाबापड्यांचे डोळे पाणावतात. शेवटी देव प्रसन्न होतो, बाळ धावत येते, सारा मांडव टाळ्यांनी भरून जातो. मात्र ज्या घरात खरोखर मूल गेलेले असते, तिथे ते धावत येत नाही. आख्यान संपल्यावर त्या आईबापांनी काय करायचे, याचे उत्तर आख्यानात नाही. ते संतांच्या स्वतःच्या आयुष्यात आहे, कारण त्यांचीही मुले परत आली नाहीत.

तुकोबांचा दुष्काळ

देहूचे तुकोबा सुखवस्तू वाण्याच्या घरात जन्मले. घरात विठ्ठलाची पूजा, पंढरीची वारी आणि गावची महाजनकी पिढीजात होती. सतराव्या-अठराव्या वर्षी आईबाप गेले, थोरल्या भावाने घर सोडले, व्यापार बुडत चालला. त्यातच १६३० च्या सुमारास दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. थोरली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली. मुलगा संतूही गेला. पत आणि मान दोन्ही मातीला मिळाले. या दिवसांत वाटलेली लाज आणि खंत तुकोबांनी पुढे आत्मचरित्रपर अभंगात सांगितली आहे. दुःखाला त्यांनी कुठेही सोनेरी मुलामा दिलेला नाही.

त्यानंतरची त्यांची कृती पाहण्यासारखी आहे. ते भामनाथ आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात गेले आणि परत आले. घराण्याने लोकांना दिलेल्या कर्जाचे दस्तऐवज होते. त्यांतला धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याचे कागद त्यांनी इंद्रायणीत सोडले. दुष्काळाने पिचलेल्या कुळांचे देणे त्यामुळे मिटले. मोडकळीला आलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी नीट केले. देवाने काय दिले याचा हिशेब बाजूला ठेवून, दुसऱ्याच्या गळ्यातला फास सोडवण्यापासून त्यांची नवी भक्ती सुरू झाली. कर्जाने गांजलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण कसोटी संपली नव्हती. शूद्राने वेदार्थ सांगू नये, या आक्षेपावरून त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवस तुकोबा नदीकाठच्या शिळेवर अन्नपाण्यावाचून पडून राहिले. वह्या कोरड्या वर आल्या ही परंपरेची श्रद्धा आहे. त्या तेरा दिवसांशी जोडले जाणारे अभंग वाचले तर त्यांत शांत समर्पण फारसे सापडत नाही. त्यांत रुसवा आहे, आरोप आहे, देवाला भर चौकात जाब विचारणे आहे. तू आहेस हे मी लोकांना सांगत आलो, आता तोंड कसे दाखवू, असा त्यांचा सूर आहे. साडेचार हजारांच्या घरातल्या गाथेत आनंदाचे अभंग जितके मनापासून आहेत, तितकेच हे भांडणाचेही आहेत. वारकऱ्यांनी ते गाळून टाकले नाहीत. ते पिढ्यान् पिढ्या टाळमृदंगाच्या तालावर गाइले.

मराठी भक्तीचा हा मोठा ठेवा आहे. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते आणि त्याच श्वासात त्याला जात्याशी बोलावते. जिथे हक्क असतो तिथेच माणूस असे बोलतो. परक्यावर कोणी रुसत नाही. भांडण हे नाते शाबूत असल्याची खूण ठरते आणि भरवशाला खरा धोका अबोल्याचा असतो.

दाराबाहेरचा भक्त

अन्यायाची कसोटी चोखोबांच्या घराने जितकी सोसली तितकी क्वचित कोणी सोसली असेल. बुलढाणा जिल्ह्यातले मेहुणाराजा हे चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. आयुष्य गेले मंगळवेढ्यात. ज्या विठोबासाठी जीव टाकायचा त्याच्याच देवळात पाऊल ठेवण्याची त्यांना बंदी होती. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. मृत्यूनंतरही जागा मिळाली ती दाराबाहेरचीच.

या एका घरात भरवशाची वेगवेगळी रूपे दिसतात. चोखोबांच्या अभंगांत वेदना आहे, तरी विठ्ठलाचा पदर सुटत नाही. पत्नी सोयराबाई विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारते: देहाला विटाळ म्हणायचे तर विटाळावाचून देह आहे तरी कोणता? मुलगा कर्ममेळा सर्वांत कडक आहे. आम्हाला हीन ठरवून, उष्टे खायला लावून तुला कोणता मोठेपणा मिळाला, असे तो देवाला सरळ विचारतो. बापाचा धीर आणि लेकाचा संताप, दोन्हींना संतपरंपरेने भक्तीच म्हटले.

या कसोटीचे उत्तर मात्र नुसत्या सोसण्यातून आले नाही. त्यासाठी देवावर विश्वास असलेल्या माणसांनाच उभे राहावे लागले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले आणि विठ्ठलमंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडली. चोखोबांच्या मृत्यूला तोवर सहाशे वर्षे उलटून गेली होती. देव सर्वांचा आहे हा भरवसा खरा ठरायला माणसांनी इतका उशीर केला, हे भाविकांनी विसरू नये.

खारेपाटणचे कीर्तन

विदर्भाच्या मातीत या परंपरेने आणखी एक वळण घेतले. गाडगेबाबा, म्हणजे डेबूजी झिंगराजी जाणोरकर, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बाप दारूपायी लवकर गेला. आई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. तिथे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेली डेबूजीने डोळ्यांनी पाहिली. सावकार आणि कर्ज हे त्यांच्या कीर्तनात पुढे जन्मभर आले ते याच अनुभवातून. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. हाती खापर आणि खराटा, अंगावर चिंध्या. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारत त्यांच्याकडूनच उत्तरे काढायची, ही त्यांची कीर्तनाची रीत होती.

१९२३ च्या मे महिन्यात बाबा कोकणात खारेपाटणला होते. कीर्तन रंगात असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी ती ऐकली, जगात असे अगणित लोक जातात, एकट्यासाठी काय रडायचे अशा अर्थाचे शब्द बोलले आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. हा प्रसंग नेहमी वैराग्याचा नमुना म्हणून सांगितला जातो. पण बाबांच्या पुढल्या आयुष्याकडे पाहिले तर त्यात कोरडेपणा दिसत नाही. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, अपंगांना आणि अनाथांना जेवू घातले, शाळा आणि वसतिगृहांसाठी पैसा उभारला. पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. एका लेकरासाठी वाहायची माया हजारो लेकरांकडे वळली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांचा अंत झाला, तोवर हा क्रम चालूच होता.

बाबांनी नवस, पशुबळी, अंगात येणे, कर्ज काढून केलेले सण आणि लग्ने यांवर आयुष्यभर आसूड ओढला. देवावरचा भरवसा आणि देवाशी केलेला सौदा यांत त्यांनी स्वच्छ रेघ मारली. मूल बरे झाले तर कोंबडे देईन, ही बोली फसली की भरवसाही कोसळतो, कारण तो देवावर नसून फळावर टेकलेला असतो. भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी देणे हीच पूजा मानली, तर ती दुःखातही करता येते. तिला पीक चांगले येण्याची अट लागत नाही.

एकट्याच्या खांद्यावरून गावाच्या खांद्यावर

अमरावती जिल्ह्यातलेच गुलाबराव महाराज नवव्या महिन्यात दृष्टी गमावून बसले आणि चौथ्या वर्षी आईला मुकले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. शंभराहून अधिक ग्रंथ सांगून लिहवून घेणाऱ्या या माणसाने स्वतःला ज्ञानेश्वर माउलीची मुलगी मानले. ज्याची आई बालपणीच गेली त्याने देवाघरच्या माणसांशी लेकीचे नाते जोडले. १९१५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९ ते १९६८) या भरवशाला गावाचे रूप दिले. १९४२ च्या लढ्यात इंग्रज सरकारने त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. मोझरीच्या गुरुकुंजातून आणि गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांतून त्यांनी सामुदायिक प्रार्थनेची शिस्त घालून दिली. ठरल्या वेळी सर्वांनी एका ओळीत बसायचे. जात, धर्म, श्रीमंती बाहेर ठेवायची. भजनाबरोबर काही काळ मौनही पाळायचे. कसोटीच्या दृष्टीने या शिस्तीला फार मोल आहे. दुःखाच्या भरात माणसाला स्वतःहून प्रार्थना करवत नाही. तो नुसता ओळीत येऊन बसला तरी चालते, कारण त्याच्या वाटची प्रार्थना तेवढे दिवस बाकीचे करत असतात. शिवाय ओळीतली एक जागा दोन दिवस रिकामी दिसली, तर त्या घरी जाऊन चौकशी करायला कोणाला निमंत्रण लागत नाही. यवतमाळच्या अनेक गावांत ही मंडळे आजही आहेत.

भरवसा तुटतो तेव्हा

प्रत्येक कसोटीतून जुनी श्रद्धा सहीसलामत बाहेर येतेच असे नाही. पंडिता रमाबाईंचे घराणे व्युत्पन्न आणि व्रतस्थ. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी उरलासुरला पैसा दानधर्मात घातला. सारे कुटुंब तीर्थे, उपास आणि अनुष्ठाने करत राहिले. तरी वडील, आई आणि बहीण एकामागून एक गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी देशभर हिंडले, आणि त्या वाटेवर त्यांचा जुन्या आचारांवरचा विश्वास ओसरला. १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती बिपिन बिहारी मेधावी गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आणले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तेव्हा नव्या श्रद्धेचीही कसोटी लागली. बायबलचे मराठी भाषांतर हातावेगळे करून १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाईंनी डोळे मिटले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा त्यांनी देवावर भरवसा ठेवण्याची वाटच सोडली. ज्यांना शतकानुशतके देवाच्या दाराबाहेर उभे केले होते, त्यांच्यासाठी स्वाभिमान आणि सदाचार हाच आधार ठरला. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावच्या बौद्ध वस्त्यांत हा इतिहास जिवंत आहे. अन्यायाला धर्माचा टेकू मिळतो तेव्हा सोडून जाणाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नसतो. त्यांच्या जाण्याचे कारण उरलेल्यांनी आपल्या श्रद्धेची झडती म्हणून घ्यावे.

सांत्वन करणाऱ्यांची कसोटी

कसोटी केवळ दुःखात सापडलेल्याची नसते. भोवतालच्या माणसांचीही असते. बायबलमध्ये ईयोबाची कथा आहे. संपत्ती, मुले आणि प्रकृती हिरावली गेल्यावर मित्र त्याला समजावतात की तुझे काहीतरी पाप असणार. ईयोब ते मानत नाही आणि देवाशीच वाद घालतो. अखेर देव रागावतो तो समजावणाऱ्या मित्रांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबाची बाजू खरी ठरते. कुराणातले पैगंबर याकूब मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी गमावतात, तरी ते सब्र राखणारेच मानले जातात. रडणे आणि भरवसा यांत वैर नाही, हे इथल्या संतांप्रमाणे तिथेही मान्य आहे.

धर्म आणि मन यांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही संकटातल्या श्रद्धेचे दोन प्रकार दाखवले. देव सोबत आहे, समाज सोबत आहे या भावनेने संकटाला भिडणारी माणसे सहसा सावरतात. देवाने आपल्याला शिक्षा दिली, टाकून दिले असे मानत राहणारी माणसे अधिक खचतात. म्हणूनच दुखवट्याला गेल्यावर 'गेल्या जन्मीचे असेल' किंवा 'देवाला आवडला' असे सहज म्हणून टाकलेले वाक्य जिव्हारी लागते. चुलीवर भात चढवून देणे, पोरांना शाळेत पोचवणे, बँकेच्या कामाला सोबत जाणे यांनी जे होते ते अशा वाक्यांनी होत नाही.

इथेच भोंदूगिरीचाही धोका असतो. दुःखाने सैरभैर झालेल्या माणसाकडून करणी, भूतबाधा, गुप्तधनाच्या नावाखाली पैसा उकळणारे त्याचा उरलासुरला भरवसाही लुटतात. अशा अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. गाडगेबाबांच्या मुलखात तो नुसता कागदावर राहू नये.

१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने पवनारजवळ जीवन संपवले. त्यांच्या स्मरणार्थ आणि शेतकऱ्यांशी सहवेदना म्हणून २०१७ पासून त्या तारखेला राज्यभर अनेक लोक दिवसभर अन्नत्याग करतात. उपासाचे जुने व्रत इथे शेजाऱ्याच्या दुःखात सहभागी होण्यासाठी वापरले गेले. पण स्मरणाच्या आधी सोबत पोचायला हवी. ज्याचे मन फार काळोखात गेले आहे त्याला देवाचे नाव घे एवढेच सांगून निघून जाणे पुरेसे नाही. त्याच्याजवळ बसावे, त्याला दवाखान्यात न्यावे, सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन लावून द्यावा. औषध घेतल्याने किंवा मदत मागितल्याने श्रद्धा उणी होत नाही.

तुकोबांपासून तुकडोजींपर्यंतच्या या आयुष्यांतून कसोटीतल्या भरवशाचे तीन आधार समोर येतात. देवाशी मोकळे बोलणे, मग ते भांडण का असेना. मन लागो न लागो, रोजचा नेम आणि रोजचे काम चालू ठेवणे. आणि आपल्यासारख्याच पोळलेल्या दुसऱ्या माणसाकडे हात पुढे करणे. या तिन्हींपैकी एकही आधार दुःख संपण्याची हमी देत नाही. कर्ज फिटेल, पाऊस येईल, गेलेले माणूस परत मिळेल असे संतांनी कोणाला सांगितले नाही. माणसाने दुःखात एकटे पडू नये यासाठी मात्र त्यांनी भजनाची ओळ, धर्मशाळा, प्रार्थनेची वेळ अशा वस्तू आणि रीती मागे ठेवल्या. त्या चालू ठेवणे हे गावाचे काम आहे. देवावरचा भरवसा डळमळलेल्या माणसाला सावरायला पुष्कळदा आधी माणसांवरचा भरवसा परत मिळावा लागतो.